बागेतील दिव्यांचे प्रयोजन

दिवाळी महिन्यावर आली की आपल्या बाजारपेठांतील दिव्यांच्या दुकानांचे रूप पालटते. पूर्वी तेथे आकाशकंदील आणि रंगीत माळा एवढाच माल मांडलेला दिसे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या शेजारी एक नवे दालन उभे राहिले आहे, ते म्हणजे बागेत लावावयाच्या शोभेच्या दिव्यांचे. जमिनीतून वर डोकावणारे, झाडाच्या बुंध्याशी बसून फांद्या उजळणारे, कुंपणाच्या खांबावर टोपीसारखे बसणारे, पायरीच्या पोटात लपणारे, सूर्यप्रकाशावर चालणारे, असे त्यांचे कितीतरी प्रकार आहेत. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे आता पेठेतील माडीची घरे सोडून गावाबाहेरच्या वसाहतींत राहावयास गेली आहेत. दुकान पेठेत आणि घर कॉलनीत, अशी विभागणी झाली. घरापुढे चार झाडे आली, थोडी हिरवळ आली आणि तिच्या मागोमाग हे दिवेही आले.

दिवा निवडणे ही वरवर पाहता किरकोळ बाब आहे. दुकानात जावे, आवडेल तो घ्यावा, वायरमनला बोलावून बसवून घ्यावा. परंतु गतवर्षी आमच्या घरी या एका विषयावर जवळजवळ दोन महिने चर्चा चालली होती. चार पिढ्यांनी तीत भाग घेतला. त्या चर्चेतून जे हाती लागले ते अशाच विचारात असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर सांगलीला, विश्रामबागेच्या बाजूस आहे. घरापुढे दीड हजार चौरस फुटांची बाग आहे. एक जुने आंब्याचे झाड, एक पारिजातक, कुंपणाला लागून रातराणी, शेवंतीचे दोन वाफे आणि मधून फाटकापासून ओट्यापर्यंत येणारी फरशीची वाट. चिरंजीव हळदीच्या व्यापारात आहेत. बाहेरगावचे व्यापारी, अडते त्यांच्याकडे येतात आणि बहुधा संध्याकाळीच येतात. बाग रात्री उजळलेली असावी, ही त्यांची इच्छा अगदी स्वाभाविक होती. त्यांनी एका प्रकाशयोजना करणाऱ्याला बोलावले. त्याने बाग पाहिली, मोजमापे घेतली आणि आठवडाभरात रंगीत चित्रांसह अंदाजपत्रक पाठविले. आंब्यासह सर्व झाडांच्या बुंध्याशी वर तोंड केलेले १२ दिवे, वाटेच्या दोन्ही बाजूंना १६ बुटके खांब, कुंपणाच्या भिंतीवर १० दिवे आणि घराच्या दर्शनी भागावर २ मोठे झोताचे दिवे. एकूण ४० दिवे, ४०० वॉट, खर्च १,७४,००० रुपये.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षे नोकरी केली, त्यातील बराच काळ कर्जविभागात. कर्जाचा अर्ज टेबलावर आला की पहिला प्रश्न रकमेचा नसे, तारणाचाही नसे. पहिला प्रश्न असे प्रयोजनाचा. पैसे कशासाठी हवे आहेत? ज्या अर्जात हा रकाना मोघम भरलेला असे, तो अर्ज कितीही उत्तम तारण असले तरी मी परत पाठवीत असे. निवृत्तीनंतरही सवय जात नाही. चिरंजीवांनी अंदाजपत्रक माझ्यापुढे ठेवले तेव्हा मी तोच प्रश्न विचारला, "यातला प्रत्येक दिवा कशासाठी आहे?"

"अप्पा, शोभेसाठी," ते म्हणाले. "सगळे लावतात. आपलीच बाग अंधारात कशी ठेवायची?"

या उत्तरात खोटे काही नव्हते. शोभा हेही प्रयोजन असू शकते. परंतु ४० दिव्यांच्या वतीने एकच उत्तर पुरेसे नाही, असे मला वाटले. म्हणून मी त्यांना सुचविले की, अंदाजपत्रक बाजूला ठेवू आणि आधी बाग अंधारात पाहू.

त्या रात्री घरातील व ओट्यावरील सर्व दिवे मालवून आम्ही हातात एक लहान विजेरी घेऊन बागेत फिरलो. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावले. कोठे पाऊल अडखळते, कोठे वळण कळत नाही, कुलपाचे छिद्र कोठे सापडत नाही, हे एका कागदावर टिपून घेतले. ओट्याच्या चार पायऱ्या, वाटेवरची दोन वळणे, फाटकाची कडी, नावाची पाटी, पाण्याच्या मोटारीची कळ आणि आंब्याखालचा दगडी बाक. यादी एवढ्यावर संपली. दिवसा बागेत उभे राहून योजना केली असती तर ही यादी अशी झाली नसती. कोठे दिवा हवा ते अंधारच अचूक दाखवितो.

या यादीतील पहिली नोंद माझ्या आईसाठी होती. तिचे वय ८८ आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या. सूर्यास्तापूर्वी तिचे जेवण उरकते आणि मग ती थोडा वेळ बागेतल्या बाकावर बसते. गेल्या आषाढात ओट्याच्या शेवटच्या पायरीचा तिला अंदाज आला नाही. नातसुनेने वेळीच हात धरला म्हणून निभावले. तेव्हापासून चिरंजीवांचा आग्रह होता की, आजीसाठी म्हणून तरी झोताचे मोठे दिवे हवेतच.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वयोमानाप्रमाणे डोळ्यांना अधिक प्रकाश लागतो हे खरे, पण डोळ्यांवर थेट येणारा प्रखर झोत वृद्धांना तरुणांपेक्षा अधिक त्रास देतो. उजेडातून अंधारात गेल्यावर पुन्हा दिसू लागण्यासही त्यांना अधिक वेळ लागतो. भिंतीवरच्या झोताकडे पाहत पायरी उतरणाऱ्या माणसाला दिवा दिसतो, पायरी दिसत नाही. शिवाय झोत जितका तीव्र, तितकी त्याच्या कडेची सावली गडद. म्हणजे आईला हवा होता तो प्रकाश डोळ्यांपुढे नको होता, पायाखाली हवा होता. तिला विचारले तेव्हा तिने हेच आपल्या शब्दांत सांगितले, "बाळा, पाय कुठं पडतोय तेवढं दिसलं म्हंजे झालं. आभाळ उजळून मला काय करायचं?"

आणि मग तिने दुसरा प्रश्न विचारला, "त्या मोठ्या दिव्यांखाली सकाळी काय पडलेलं असतं, ते बघितलंय का कुणी?"

आम्ही सर्वांनीच ते पाहिलेले होते. पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरे दिव्याभोवती घिरट्या घालतात आणि सकाळी फरशीवर पंखांचा थर साचलेला असतो. पुढे श्रावण-भाद्रपदात नाना जातींची पाखरे, चिलटे, भुंगेरे येतात. झाडून टाकताना त्यांच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याची जी परंपरा आहे, तिच्यामागील एक कारण हेच सांगितले जाते. दिव्याकडे जीव ओढले जातात आणि अन्नात पडतात. जेवण आपण दिवसाउजेडी करू लागलो, पण तोच दिवा आता अंगणात, दसपट तेजाने, रात्रभर लावू पाहत आहोत.

कीटक दिव्याकडे का ओढले जातात, याविषयी फार जुने तर्क आहेत. ते चंद्राच्या आधारे दिशा ठरवितात आणि दिव्याला चंद्र समजतात, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने निराळेच चित्र पुढे आणले. वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपले असता असे दिसले की, ते आपली पाठ सतत प्रकाशाच्या बाजूस वळवितात. निसर्गात रात्री आकाश हे जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की कीटकाला आपण सरळ उडत आहोत याची खात्री मिळते. जवळच दिवा असला की हा हिशेब चुकतो. तो दिव्याकडे पाठ वळवीत राहतो आणि त्याच्याभोवती फिरत अडकून पडतो. दिवा त्याला खेचून घेत नाही, त्याची वर-खाली ओळखण्याची शक्ती बिघडवितो. हे वाचल्यावर मला त्या घिरट्यांकडे पूर्वीच्या नजरेने पाहता आले नाही. पतंगाला दिव्याचा मोह पडतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे तर मोहाचा प्रश्नच नव्हता. वाट चुकलेल्या जिवाची ती धडपड होती.

दिव्याच्या रंगाने यात फरक पडतो. आजच्या पांढऱ्या एलईडीचे मूळ निळ्या एलईडीत आहे. त्या निळ्या एलईडीसाठीच इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळसर लेप चढवून पांढरा प्रकाश मिळविला जातो. दिवा जितका शुभ्र आणि थंड दिसतो, तितका त्यात निळ्याचा अंश अधिक. आणि बहुसंख्य निशाचर कीटकांचे डोळे निळ्या व अतिनील प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात. खोक्यावर हा रंग केल्व्हिन या एककात छापलेला असतो. ६५०० केल्व्हिन म्हणजे निळसर पांढरा, २७०० केल्व्हिन म्हणजे जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळसर, आणि २२०० च्या आसपास मेणबत्तीच्या जवळ जाणारा अंबर. आकडा जितका कमी, तितका प्रकाश उबदार.

पुस्तकातले वाचून चिरंजीवांचे समाधान होईना. म्हणून भाद्रपदात, पावसाने उघडीप दिली त्या एका संध्याकाळी, बागेच्या दोन टोकांना सारख्याच उजेडाचे दोन बल्ब टांगले. एक ६५०० चा, दुसरा २७०० चा. प्रत्येकाच्या मागे पांढरी चादर बांधली. आईच्या सांगण्यावरून मुदत दहा मिनिटांचीच ठेवली. मोजणीचे काम दहा वर्षांच्या नातीकडे होते. पांढऱ्या बल्बाकडची मोजणी तिने अर्ध्यावर सोडून दिली, पिवळ्याकडची मात्र तिला पूर्ण करता आली. "आजोबा, पिवळ्याकडं पण येतातच की," एवढे तिने जाता जाता ऐकविले. तेही खरेच. पिवळा दिवा हानी कमी करतो, नाहीशी करीत नाही. ती नाहीशी होते दिवा मालवल्यावरच.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती हे एक गुणव्रत आहे. जीवनव्यवहारासाठी जी हिंसा टाळता येत नाही ती एका बाजूला, आणि ज्या कृतीने कोणाचे काहीच साधत नाही पण जीव मात्र दुखावले जातात, ती दुसऱ्या बाजूला. गृहस्थाने निदान दुसरी तरी सोडावी, असे हे व्रत सांगते. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त प्रमादचर्या नावाचा तिचा एक प्रकार सांगितला आहे. कारणावाचून जमीन खणणे, पाणी वाया घालविणे, अग्नी पेटविणे, झाडे तोडणे यांचा तीत समावेश होतो. बागेतील दिव्यांच्या बाबतीत हे किती तंतोतंत लागू पडते! वायरसाठी जमीन खणावी लागते, झाडाच्या मुळांशी खड्डा घ्यावा लागतो आणि रात्रभर दिवा तेवत ठेवावा लागतो. त्यातले काही कामाचे असते, काही केवळ सवयीचे. पायरीवरचा दिवा आईला सावरतो. मध्यरात्रीनंतर आंब्याच्या शेंड्यावर पडणारा झोत कोणाला सावरतो? बँकेच्या अर्जातला तो पहिला रकाना मला या व्रतात पुन्हा भेटला.

झाडांचाही विचार व्हावयास हवा. आमच्या बागेत शेवंती आहे. शेवंती हे लांब, अखंड रात्र मिळाली की फुलणारे झाड आहे. म्हणूनच तिचा बहर दिवस लहान होऊ लागल्यावर येतो. फुलांची व्यापारी शेती करणारे शेतकरी बहर लांबणीवर टाकावयाचा असेल तर पिकावर रात्री बल्ब लावतात. मग घरच्या शेवंतीवर रात्रभर दिवा ठेवावयाचा आणि दिवाळीत फुले का आली नाहीत म्हणून माळ्याला बोल लावावयाचा, याला काय अर्थ? रातराणी, पारिजातक यांसारखी रात्री उमलणारी पांढरी फुले रंगाने नव्हे तर गंधाने निशाचर पतंगांना बोलावतात. त्यांचा व्यवहारच अंधारात चालतो. वैशाख-ज्येष्ठात भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहण्यासाठी दुरून लोक जातात. काजव्यांचे लुकलुकणे ही त्यांची आपापसातील भाषा आहे. भोवती कृत्रिम उजेड वाढला की ती भाषा पुसली जाते आणि नर-मादीची भेट होणे अवघड होते.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळतो. दुकानदार वॉट सांगतो. वॉट म्हणजे खाल्लेली वीज. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर असतो. घरात आपण वापरतो त्या ९ वॉटच्या एलईडी बल्बचा उजेड साधारण ९०० ल्युमेन असतो. बागेतील वाटेला एका दिव्यामागे १०० ते २०० ल्युमेन पुष्कळ होतात. दिव्याला वरून टोपी असावी, म्हणजे प्रकाश खाली पडेल आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांत जाणार नाही. वाटेवरचा दिवा गुडघ्याच्या उंचीचा असला तर थोडक्या उजेडात काम भागते.

दुसरा आकडा आयपी या अक्षरांपुढचा. त्यातील पहिला अंक धुळीपासून संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासून संरक्षणाचा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत शिरणार नाही आणि पाण्याचा फवारा सोसेल. भिंतीवर आणि खांबावर एवढे पुरते. जमिनीत बसवावयाच्या दिव्याभोवती पाणी तुंबते. तेथे आयपी ६७ घ्यावा, तो काही वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात उघडी वायर पुरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. वायर पाइपातून न्यावी आणि जोड जमिनीखाली न देता वर, बंद डबीत द्यावा.

सुरक्षिततेविषयी दोन गोष्टींत काटकसर नको. लहान मुले अनवाणी खेळतात आणि माळी झारीने पाणी घालतो, तेथे शक्यतो १२ किंवा २४ व्होल्टचे दिवे घ्यावेत. त्यांचा ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी ठेवावा. आणि बागेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा बसवून घ्यावा. वीज गळू लागली तर तो क्षणात प्रवाह तोडतो. आमच्या वायरमननेच याचा आग्रह धरला. "साहेब, दिवे दोन कमी लावा, पण हे ठेवा," असे तो म्हणाला. असा सल्ला देणारा माणूस जपून ठेवावा.

सौरदिव्यांचा मोह अनेकांना होतो, कारण त्यांना वायर लागत नाही, बिल येत नाही. मोकळ्या जागी ते चांगले काम देतात. परंतु त्यांना दिवसभर थेट ऊन हवे. आंब्याच्या सावलीत लावलेला सौरदिवा संध्याकाळी तासाभरात मंदावतो आणि पावसाळ्यात, जेव्हा निसरड्या वाटेवर खरी गरज असते, तेव्हा नेमका उपाशी राहतो. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, तोही खर्च हिशेबात धरावा. आम्ही नावाच्या पाटीसाठी एकच घेतला, कारण ती भिंत पश्चिमेकडची आणि मोकळी आहे. फाटकाशी हालचाल ओळखून लागणारा दिवा बसविला. कोणी आले की तो लागतो, दोन मिनिटांनी मालवतो. चोराच्या दृष्टीने पाहता, रात्रभर जळणाऱ्या दिव्यापेक्षा अचानक लागणाऱ्या दिव्याकडे घरातल्यांचे आणि शेजाऱ्यांचे लक्ष लवकर जाते.

अखेर यादीप्रमाणे मंजुरी मिळाली ती अशी. पायऱ्यांच्या पोटात २ वॉटचे ४, वाटेवर ३ वॉटचे ६, फाटकाशी ७ वॉटचा १, पाटीवर २ वॉटचा १, बाकाजवळ ३ वॉटचा १ आणि मोटारीच्या कळीजवळ ५ वॉटचा १. एकूण १४ दिवे, ४३ वॉट. सर्व २७०० केल्व्हिनचे, सर्व खाली तोंड केलेले. वाटेवरचे दिवे रात्री १० वाजता आपोआप मालवतात. खर्च आरसीसीबीसह ४६,००० रुपये झाला.

विजेचाही जमाखर्च मांडून पाहावा. पहिल्या योजनेतील ४०० वॉट संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ११ तास चालले असते तर रोज ४.४ युनिट, महिन्याला १३२ युनिट. आताचे ४३ वॉट सगळेच्या सगळे ४ तास चालतात असे धरले तरी महिन्याला ५ युनिटांच्या थोडे वर. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले तर महिना १,३२० रुपये आणि ५२ रुपये, असा हा फरक आहे. व्यापारी वाचकांना यावर अधिक सांगावयास नको.

चिरंजीवांचे पूर्ण समाधान झाले, असे मी म्हणणार नाही. आंब्यावर प्रकाश हवाच, असे त्यांचे मत आजही आहे. रात्री आलेला एखादा अडत्या फाटकाशी थबकून विचारतो, "शेठ, लाइट गेलेत का तुमच्याकडं?" तेव्हा ते माझ्याकडे पाहतात. त्यांच्या म्हणण्यालाही वजन आहे. व्यापारात घराचा दर्शनी भाग ही एक प्रकारची पतच असते आणि पतीचे मोल बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आम्ही एक मधला मार्ग काढला. आंब्याजवळ एक बंद झाकणाचा विजेचा पॉइंट स्वतंत्र कळीसह ठेवला. दिवाळीचे दिवस, घरचे मंगलकार्य, एखाद्या मोठ्या पाहुण्याची भेट, अशा प्रसंगी त्याला माळ जोडावयाची आणि प्रसंग सरला की उतरवावयाची.

हा मार्ग आपल्या परंपरेला धरूनच आहे. महाराष्ट्रातील देवळांपुढच्या दगडी दीपमाळा वर्षभर उभ्या असतात, पण त्या उजळतात त्रिपुरी पौर्णिमेसारख्या ठरावीक दिवशीच. दिवाळी आपल्यासाठी भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस आहे. त्या दिवशी लावलेल्या दिव्याला अर्थ आहे, कारण इतर दिवशी तो तेथे नसतो. बारा महिने उजळलेल्या अंगणात दिवाळीची पणती ठेवली तर ती कोणाला दिसणार?

अंधार हीही जपण्याची वस्तू आहे, हे आता जगभर मान्य होऊ लागले आहे. लडाखमधील हानले येथे डिसेंबर २०२२ मध्ये रात्रीच्या आकाशासाठी राखीव क्षेत्र अधिसूचित झाले. आपल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला. त्यासाठी आसपासच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून खाली प्रकाश टाकणारे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, रस्त्यावरचा उजेड रस्त्यावरच पडू लागला इतकेच. जे गावांना जमले ते बंगल्याच्या अंगणात जमण्यासारखे आहे.

ज्यांच्या घरी या दिवाळीत बागेसाठी दिवे घ्यावयाचे आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे. दुकानात जाण्यापूर्वी एका रात्री घरातले सर्व दिवे मालवून, घरातील सर्वांत वृद्ध माणसाचा हात धरून फाटकापासून ओट्यापर्यंत चालत यावे. जेथे त्यांचे पाऊल थबकेल तेथे खूण करावी. मग कागद घेऊन प्रत्येक खुणेपुढे दिव्याचे काम, ल्युमेन, केल्व्हिन आणि मालवण्याची वेळ असे चार रकाने भरावेत. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये. कागद तयार झाला की तोच दुकानदाराच्या हाती द्यावा. त्याबाहेरचा दिवा तो दाखवील तेव्हा पाहावयास हरकत नाही. घेण्यापूर्वी मात्र त्याचे प्रयोजन विचारावे.